मोहाखालचा खराटा

पहाटे ३:४०

एप्रिल लागला की या घराला घड्याळ लागत नाही. काकू उठल्या, मागोमाग सून उठली. चुलीत कालची राख होती, राखेखाली निखारा. त्यावर तांदळाची पेज गरम झाली. मीठ, कच्चा कांदा, बस्स. धाकट्या मुलाने उभ्याउभ्याच वाटी तोंडाला लावली.

सामान ओसरीवर रात्रीच काढून ठेवलंय. बांबूचे तीन टोपले, एक पोतं, पाण्याचा कॅन, बॅटरी आणि दोन खराटे. बॅटरी बाजारातून अडीचशेला आणली. गेल्या वर्षीची दीडशेची होती, ती पहिल्या पावसालाच गेली. टोपला बुरडाकडचा. खराटा घरचाच, दर दहा दिवसांनी नवा बांधावा लागतो. एका हंगामात चार-पाच खराटे झिजतात.

गाव सडक अर्जुनी तालुक्यातलं. नागझिऱ्याच्या हद्दीबाहेर, पण फार लांब नाही. अभयारण्य १९७० सालचं, १५२ चौरस किलोमीटरचं. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. हद्दीच्या आतलं फूल चितळाचं आणि अस्वलाचं. गाव वेचतं ते बाहेरच्या जंगलातलं. ते जंगल ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्कात आलेलं आहे.

पहाटे ४:२०

पाच घरांची माणसं पिंपळापाशी जमली. एकट्याने जायचं नाही, हा गावाचा नियम. बोलत जायचं, खाकरत जायचं. पुढे एक पोरगा रिकामा डबा वाजवत चाललाय.

"बॅटरी खाली धरा भाऊ," काकू मला म्हणाल्या. "पाय कुठं पडते ते पाहा. अस्वलाचं आमी पाहातो."

वाघापेक्षा अस्वलाचीच धास्ती जास्त. मोहाचं फूल त्यालाही आवडतं आणि त्याचीही येण्याची वेळ हीच. भरल्या पोटाने खाली मान घालून बसलेलं अस्वल माणूस अगदी जवळ जाईपर्यंत हलत नाही. वाघ आहेतच. २०२३ च्या मे महिन्यात दोन वाघिणी ब्रह्मपुरीच्या बाजूने आणून नागझिऱ्यात सोडल्या, तेव्हापासून संध्याकाळी जंगलात राहायचं नाही हे पोरांनाही सांगावं लागत नाही. उजाडल्याशिवाय आत जाऊ नका, असं वनखातं सांगतं. सांगणं बरोबरच आहे. पण उजाडेपर्यंत थांबलं तर निम्मं फूल चितळं खाऊन जातात.

रातवा बोलतोय. एकच ठोका, पुन्हा तोच ठोका. पायाखाली सागाची पानं कुरकुर वाजतात. मधेच एक गोड, आंबूस, जड वास आला. म्हणजे पहिला मोह जवळ आला.

पहाटे ४:५०

हा मोह काकूंच्या घराचा. सातबाऱ्यावर नाही, कुठेच नाही. सासूने वेचला, तिच्या सासूने वेचला, म्हणून यांचा. गावात प्रत्येक घराला असे तीन-चार मोह आहेत. दुसऱ्याच्या मोहाखाली कुणी बसत नाही.

काकूंनी पदर खोचला आणि खराटा घेतला.

इथे थोडं थांबून बघायला हवं. मोहाचं फूल पिवळट, मांसल, बोराएवढं. ते पहाटे गळतं. झाडाखाली हातभर पाचोळा असेल तर फूल त्यात रुततं, सापडत नाही. म्हणून झाडाखालची जमीन साफ लागते. साफ करायच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे मार्चमध्ये एक काडी ओढायची. पाच मिनिटांत जमीन काळी, स्वच्छ. काळ्यावर पिवळं फूल बॅटरीशिवाय दिसतं. काडेपेटी दोन रुपयांची, तिच्यात पन्नासेक काड्या.

दुसरी रीत काकूंच्या हातात आहे.

फांद्यांचा घेर जिथवर, तिथवर झाडायचं. बुंध्यापासून सुरुवात, गोल गोल बाहेर. कंबर वाकलेली, डावा हात गुडघ्यावर. हंगामाच्या सुरुवातीला एका झाडाखालचा पाचोळा काढायला दोन बायांना अर्धा दिवस गेला होता. आता रोजचा हात फिरवायचा, पण रात्री वारा सुटला की पुन्हा तेवढंच काम. चार झाडं, चार गोल. काकूंचं वय पन्नाशीच्या पुढे. झाडून झालं की त्या खराटा टेकवून उभ्या राहतात, कमरेवर दोन्ही हात ठेवून मागे झुकतात. हाडाचा आवाज मला ऐकू आला.

"पयले आमीच जारत होतो," त्या म्हणाल्या. "खोटं कायले बोलू?"

पहाटे ५:२०

फुलं पडू लागली. थेंबासारखी नाही, थेंबाहून जड. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग तीन-चार एकदम.

वेचणं म्हणजे उकिडवं बसायचं आणि बसल्याबसल्याच सरकायचं. दोन्ही हात चालतात. उजव्याने उचलायचं, डाव्याच्या ओंजळीत जमवायचं, ओंजळ भरली की टोपल्यात. फूल चिकट असतं. तासाभरात बोटांना माती आणि रसाचा एक थर बसतो, तो दिवसभर निघत नाही. मी वेचू लागलो. माझ्या एका ओंजळीला सुनेच्या तीन होतात. तिच्या पाठीवर दोन वर्षांचा पोरगा बांधलेला आहे. झोपलाय.

एक टोपला भरायला पाऊण तास लागतो. त्यात पाच-सहा किलो ओलं फूल मावतं.

सकाळी ६:१५

आता दिसायला लागलं. वर मोहाला पान जवळपास नाहीच, नवी तांबूस पालवी नुकती फुटतेय. आजूबाजूला येन, धावडा, बिजा, तेंदू, चारोळीचा चार. आणि सगळीकडे मोह. मोठे मोह. एकाच्या बुंध्याला दोन माणसांची कवळ लागते.

लहान मोह कुठे आहे, असं मी विचारलं.

काकूंनी वेचणं थांबवलं नाही. "तेच तं," म्हणाल्या.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण बसल्या जागेवरून मान फिरवून बघितलं तेव्हा कळलं. सागाची पोरं आहेत, तेंदूची आहेत, पळसाची तर रानभर आहेत. मोहाचं एक नाही. कारण साधं आहे. फूल माणूस वेचतो. जे फूल आतला गर्भ सोडून गळतं, त्याचं मे-जूनमध्ये फळ होतं. त्यातल्या बीला टोरी म्हणतात. टोरीचं तेल निघतं, म्हणून टोरीही वेचली जाते. एखादी राहून गेली आणि पावसात उगवली, तर रोपटं वीतभर होतं. पुढच्या मार्चमध्ये त्याच जागी काडी पडते. आजी-पणजीच्या वेळचे मोह उभे आहेत, त्यांच्यामागे कुणी नाही. आणि मोह फुलावर यायला आठ-दहा वर्षं घेतो, कधी त्याहून जास्त. आज लावला तर पाठीवर झोपलेला पोरगा त्याचं फूल वेचील.

म्हणून खराटा. चार वर्षांपूर्वी ग्रामसभेत ठरलं की मोहाखाली आग लावायची नाही. लावली तर दोनशे रुपये दंड.

सकाळी ८:४०

ऊन वर आलं तसं फूल गळायचं थांबलं. पोतं भरलं. सुनेने ते डोक्यावर घेतलं, काकूंनी एक टोपला. मुलगा मागे, खांद्यावर दोन टोपले. घर सव्वा दोन किलोमीटर. मधे एकदाच थांबले.

ग्रामसभेच्या खोलीत काटा आहे, तिथे वजन केलं. चोवीस किलो. ओल्या चार किलोचं सुकून एक किलो होतं. म्हणजे सहा किलो. व्यापाऱ्याचा भाव पस्तीस. तीन माणसं, पाच तास, दोनशे दहा रुपये. सुनेने हिशेब तोंडीच केला आणि पोराला पाजायला बसली.

फूल सारवलेल्या अंगणात पसरलं. थर पातळ हवा, नाहीतर आंबतं. कोंबड्या हाकायला म्हाताऱ्या आजी काठी घेऊन बसल्या आहेत. दिवसभर त्यांचं हेच काम. त्याची मजुरी कुठल्याच हिशेबात धरत नाहीत.

सकाळी १०:००

पुन्हा जंगल. या वेळी रोजगार हमी.

ग्रामसभेने एक तुकडा राखला आहे. तिथे गुरं नाहीत, बकऱ्या नाहीत, कुऱ्हाड नाही. कडेने काटेरी फांद्यांचं कुंपण. पावसाळ्यात तिथे मोह, चार, आवळा, बेहडा लावायचे, त्यासाठी आत्ता खड्डे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. एप्रिलची जमीन भाजलेल्या विटेसारखी झालीय. टिकास मारलं की ठिणगी उडते. आधी सब्बलीने चिरा पाडायच्या, मग टिकास, मग फावड्याने माती वर. वरची काळी माती एका बाजूला, खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला. भरताना वरची खाली जाते.

मजुरी २०२५ च्या एप्रिलपासून ३१२ रुपये झाली. आधी २९७ होती. पण ती मोजमापावर. खड्डे कमी भरले तर रोजही कमी भरतो. काकू आणि सून मिळून खड्डा करतात. एक खणते, दुसरी माती ओढते, दर दहा मिनिटांनी बदल. पैसे बँकेत येतात, केव्हा येतात ते सांगता येत नाही. मोहाचे पैसे विकलं त्याच संध्याकाळी हातात पडतात. ज्या घरात आज तेल संपलंय ते घर मोहाकडे जातं, खड्ड्याकडे नाही. लाभ कशात जास्त, एवढं पाहून कुणी हे ठरवत नाही.

दुपारी १२:३०

भात, लाखोळीचं वरण, मिरची. सावलीत अर्धा तास आडवं होणं. काकूंना झोप लागली. हात पोटावर, बोटं अजून काळी.

दुपारी १:५५

मुलाच्या मोबाइलवर संदेश आला.

उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो. जमिनीवर कुठे जास्त उष्णता दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाकडून अक्षांश-रेखांशासह इशारा निघतो. वनरक्षकाने तो गावाच्या गटावर टाकला. पण त्याआधीच टेकडीवर बसलेल्या पोराचा फोन आला होता. "नाल्याच्या पलीकडं धूर येऊन राहिला!"

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. या चार महिन्यांत ग्रामसभा दोन पोरं टेकडीवर बसवते. पाणी आणि जेवण गावाचं, रोज ग्रामसभेच्या खात्यातून.

सात जण निघाले. मीही. कुणाकडेही कसलं यंत्र नव्हतं. वनखात्याकडे पाचोळा उडवणारे ब्लोअर असतात, पण ते येईपर्यंत अर्धा तास जातो. वाटेत प्रत्येकाने हिरव्या डहाळ्या तोडल्या. पळसाची फांदी चांगली, पान रुंद आणि जड.

आग गुडघ्याएवढी होती. सरळ रेषेत पुढे येत होती, पाचोळ्यातून, कागद जळावा तशी. आवाज मात्र मोठा. मुलाने आधी वारा बघितला. मूठभर धूळ वर उडवली, ती कुठे जाते ते पाहिलं. मग दोघांना पुढे पाठवलं, चाळीस-पन्नास पावलांवर पाचोळा बाजूला करून पट्टा काढायला. हीच जाळरेषा. उरलेले पाच जण कडेला. पाठीवर वारा घेऊन झोडपायचं, वरून जोरात मारायचं नाही, ठिणग्या उडतात. दाबून ओढायचं.

"समोरून नाई भाऊ! बाजूनं!"

मी समोर उभा होतो. त्याने मला दंड धरून मागे ओढलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्यात असाच वणवा विझवताना तीन वनमजूर होरपळून गेले. रोजंदारीची माणसं. आग विझत आली होती, वारा फिरला, एवढंच इथले लोक सांगतात. त्या दिवसाबद्दल कुणी फार बोलत नाही. पण आगीपाशी गेल्यावर प्रत्येक जण आधी मागे वळून आपली परतायची वाट कुठे आहे ते बघतो. हे मी सातही जणांना करताना पाहिलं.

पन्नास मिनिटं लागली. एकराच्या आतबाहेर जागा काळी झाली. सगळे घामाने आणि काजळीने एकाच रंगाचे झाले होते. एकाची चप्पल वितळली. नव्वद रुपयांची. ती ग्रामसभेकडून मिळावी का, यावर परत येताना वाद झाला.

आग कुठून निघाली ते शोधायला वेळ लागला नाही. नाल्याकाठी एका मोहाखाली पूर्ण गोल काळा होता. सकाळी लावली असेल. विझली असं वाटलं असेल. मोह कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी नाव घेतलं नाही.

दुपारी ४:३०

काकू मला कुंपणाच्या आत घेऊन गेल्या. हातपंपावरून दोन गुंड पाणी, एक डोक्यावर, एक कमरेवर.

इथे तिसऱ्या वर्षाची मोहाची रोपं आहेत. पहिल्या वर्षी रोपवाटिकेत पिशव्यांत केली होती, त्यातली बरीच मेली. मोहाचं मूळ सरळ खाली जातं, पिशवीत ते वळतं. दुसऱ्या वर्षी टोरी सरळ खड्ड्यात टाकली. टोरी ठेवून चालत नाही, काही आठवड्यांत तिचा जीव जातो. फळ पडलं की लगेच पेरायची, पहिल्या पावसाबरोबर. ही रोपं जगली.

प्रत्येक रोपाशेजारी एक जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. बुडाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात. मडकं भरलं की चार-पाच दिवस ओल राहते. फुटकी, चिरलेली मडकी गावातून गोळा केली, फुकट.

काकूंच्या वाट्याला अकरा रोपं. त्या वाकून प्रत्येकाला हात लावतात. एक गुडघ्याएवढं, दोन वीतभर, बाकीची मधे कुठे तरी. एकाचा शेंडा कुणी तरी खाल्लाय.

"ससा," काकू म्हणाल्या. त्यांनी दोन काटक्या रोवून त्याला आडोसा केला. अकराच्या अकरा आहेत. त्यांनी दोनदा मोजली.

संध्याकाळी ६:१०

व्यापाऱ्याची पिकअप आली. गेल्या आठवड्यात भाव चाळीसवर गेला होता, आज पस्तीस. ओल आहे म्हणतो. भरल्या पोत्याला अर्धा किलो कापतो. काकूंनी गेल्या तीन दिवसांचं सुकलेलं वीस किलो आणलं, त्यातलं आठच विकलं. बाकीचं ग्रामसभेच्या खोलीत ठेवलं. पावसाळ्यात भाव चढतो, तेव्हा सगळ्या गावाचं एकदम विकायचं. ठेवलेल्या मालाच्या किमतीचा तिसरा हिस्सा आजच उचल म्हणून मिळतो.

पूर्वी हे असं ठेवणंच अवघड होतं. मोहफूल दारूबंदी कायद्यात अडकलेलं. साठा सापडला तर उत्तरं द्यावी लागत. २०२१ मध्ये राज्य सरकारने संकलन, साठवण आणि वाहतुकीवरचे निर्बंध काढले. आजच्या आठ किलोचे दोनशे ऐंशी आले. त्यातून गोडेतेल, साबण, सुनेच्या पोराच्या खोकल्याचं औषध. उरले एकशे पाच.

रात्री ८:००

समाजमंदिरात सभा. एक बल्ब, दोन सतरंज्या. बाया एकीकडे, बाप्ये एकीकडे. चाळीसेक माणसं. सचिव पोरगा बारावी झालेला, रजिस्टर त्याच्याकडे.

पहिला विषय तेंदू. मे जवळ आला. २०१३ च्या हंगामात गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव पहिल्यांदा स्वतः केला, तेव्हापासून या भागात हे अंगवळणी पडतंय. एका पुड्यात सत्तर पानं, हजार पुड्यांची एक गोणी, भाव ठरवायचा आपण. एका तरुणाने चंद्रपूरच्या पाचगावचं उदाहरण काढलं. त्यांनी तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, तेंदूसाठी आगी लागतात म्हणून. "त्यांच्याकडं बांबू हाये," मागून कुणी म्हणालं. खरंच आहे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये हक्क मिळाला, त्यांनीही बांबूवर गाव उभं केलं. इथे बांबू थोडा. तेंदूच्या पैशांत इथे शाळेचे कपडे आणि धानाचं बी येतं. विषय पंधरा मिनिटांत संपला. तेंदू तोडायचा, झुडूप मुळापासून छाटायचं नाही.

दुसरा विषय, वितळलेली चप्पल. मंजूर, नव्वद रुपये.

तिसरा विषय निघाला तशी खोली गप्प झाली.

नाल्याकाठच्या मोहाची आजी पहिल्या रांगेतच बसली होती. सत्तरीची असेल. एकटी राहते. तिने नाकारलं नाही.

"माह्या गुडघ्यात पानी झालं. मी वाकू कशी? झाडू कशी? दोन मोह हायेत माह्याकडं, तेच माहं वरीस."

सचिवाने रजिस्टरकडे पाहिलं. दंड दोनशे, लिहिलेला आहे. एक जण म्हणाला, सूट दिली तर उद्या सगळे गुडघे दाखवतील. दुसरा म्हणाला, सात माणसांचा अर्धा दिवस गेला, कुणी मेलं असतं तर? आजी मान खाली घालून पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती.

बोलल्या त्या काकू. उठून उभ्या राहिल्या. "दंड घ्या. नियम हाये. पन जाळी पयले तिले द्या."

ग्रामसभेकडे चार जाळ्या आहेत, हिरव्या, झाडाखाली बांधायच्या. फूल जाळीवर पडतं, वाकावं लागत नाही, झाडावं लागत नाही. एका झाडाला पुरेल अशी जाळी दीड-दोन हजारांची. चारही जाळ्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या. त्यातली एक काकूंच्या जावेला मिळाली आहे. जाऊ लगेच म्हणाली, "माह्या जाळीचं नको बोलू तू." बराच गलका झाला. शेवटी खात्यातून नवी जाळी घ्यायची ठरली. दंडाचे दोनशे त्यात, बाकीचे आजीच्या फुलाच्या पैशांतून, दोन हंगामांत. तोवर दोन पोरींनी तिच्या दोन मोहांखाली झाडायचं आणि तिसरा हिस्सा घ्यायचा.

सचिवाने लिहून घेतलं, वाचून दाखवलं. आजीने ऐकलं. अंगठा नाही, सही केली, हळूहळू, चारही अक्षरं.

मग म्हणाली, "जाळी घेतो. पन टोरी मी सोडनार नाई. सगडी टोरी मीच वेचीन. मले तेल लागते."

रोपांसाठी दर मोहाखाली थोडी टोरी राहू द्यायची, असा ठराव पुढे यायचा होता. हे तिला कुठून तरी कळलं होतं. काकू आजीकडे बघत राहिल्या, काही बोलल्या नाहीत. सचिवाने पेन वर धरला होता. त्याने खाली लिहिलं: टोरीचा विषय जूनच्या सभेत.